नावाखालची ओळ

"उदय, तुमच्या साइटनं मला नवखी करून टाकलंय," तावडे सिस्टर फोनवर म्हणाल्या आणि हसल्या.

मी तेव्हा पंचायत समितीच्या कचेरीत कंत्राटी संगणक ऑपरेटर होतो. समोरच्या पडद्यावर शौचालयांची यादी उघडी होती. ती बाजूला सारून मी साइट उघडली. सिस्टरांच्या नावाखाली खरंच एक राखाडी पट्टी आली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'नवखा सदस्य'. माझ्या नावाखाली हिरवी पट्टी होती. 'जाणकार'.

मी त्यांना म्हटलं, की निरंजननं नवीन पद्धत चालू केली आहे, प्रतिसाद मोजून पदव्या मिळतात, तुम्ही लिहिता कमी म्हणून तसं झालं असेल. त्या म्हणाल्या, "असू दे की. चौसष्टाव्या वर्षी कोणी नवखी म्हणतंय, वाईट काय त्यात." आणि मग नेहमीसारखं, आईची तब्येत कशी आहे, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

ही दोन हजार अकरा सालची गोष्ट. साइटचं नाव होतं 'आपले साप'. निरंजन परचुरे हा मूळचा रत्नागिरीचा, पुण्यात नोकरीला असलेला माणूस. त्यानं ती दोन वर्षांपूर्वी हौसेनं काढली होती. कोणाच्या घरात, गोठ्यात, वाडीत साप निघाला की त्यानं फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी ओळखून सांगायचं. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि लोक सगळेच मारतात, ते थांबावं हा हेतू. पहिल्या पन्नास सदस्यांत मी होतो आणि तावडे सिस्टरही होत्या.

सिस्टरांनी एकतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली होती. साप चावलेली माणसं त्यांनी जेवढी पाहिली होती तेवढी आमच्यातल्या कोणीच पाहिली नव्हती. साप ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. मी फोटो पाठवायचो आणि त्या फोनवर विचारायच्या, पट्टे मानेपासून निघालेत की खालून, शेपटीकडे ठळक होतात की पुसट. मण्यार आणि कवड्या या दोघांत माणूस नेहमी फसतो. दोघंही काळपट, दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे, दोघंही घरात शिरणारे. कवड्या निरुपद्रवी. मण्यार चावली तर दुखतही नाही, सूजही येत नाही, आणि काही तासांत श्वास बंद पडतो. "आणि फोटोत दिसत नसेल तर दिसत नाही म्हणून सांगायचं," त्या म्हणायच्या. "त्यात कमीपणा नाही."

त्यांना टाइप करायला फार वेळ लागायचा. एका बोटानं एकेक अक्षर. आठवड्याला दोन-तीन ओळी व्हायच्या. पण साप चावल्याचा धागा, म्हणजे तसा प्रश्न, साइटवर आला की त्या तिथंच फोन नंबर मागून घ्यायच्या आणि माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांशी बोलत राहायच्या. साइटवर त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यामुळे ते मोजलंही गेलं नाही.

निरंजनचीही बाजू होती. दोन वर्षांत साइट चारशे सदस्यांवर अडकली होती. लोक यायचे, एक प्रश्न विचारायचे आणि परत फिरकायचे नाहीत. तो मला म्हणाला, की माणसाला नावाखाली काहीतरी मिळालं की माणूस टिकतो. चार पायऱ्या होत्या: नवखा, परिचित, जाणकार आणि सगळ्यात वर सर्पतज्ज्ञ. प्रत्येक प्रतिसादाला गुण, सर्वांत आधी दिलेल्या बरोबर उत्तराला दुप्पट.

आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. आठ महिन्यांत आम्ही बारा हजारांवर गेलो. विदर्भातून, मराठवाड्यातून, दुबईतून मराठी माणसं यायला लागली. फोटो पडला की मिनिटाभरात दहा उत्तरं. एकेकाळी एका उत्तरासाठी दिवस जायचा. कोणी कोणाच्या पुढं गेलं, कोणाची पट्टी बदलली, यावर वेगळे धागे चालायचे आणि त्यांवर अभिनंदनांची रांग लागायची. जुने काही जण त्या गर्दीत हळूहळू गप्प झाले. ते मला तेव्हा दिसलं नाही, कारण मी रोज वर चढत होतो.

माझं तेव्हाचं आयुष्य सांगितलं पाहिजे. वय सव्वीस. दर अकरा महिन्यांनी नोकरी संपायची आणि पुन्हा अर्ज करायचा. कचेरीत मला नावानं कोणी हाक मारत नसे, "ऑपरेटर" म्हणत. घरी वडील पाहुण्यांना सांगायचे, "अजून काही जमलेलं नाही त्याचं." मार्च महिन्यात मी सर्पतज्ज्ञ झालो. अख्ख्या साइटवर तसे आम्ही सात जण. नावाखाली सोनेरी पट्टी. एका शाळेनं मला व्याख्यानाला बोलावलं आणि मुख्याध्यापकांनी फळ्यावर 'सर्पतज्ज्ञ श्री. उदय घाणेकर' असं रंगीत खडूनं लिहिलं. वडील मागच्या बाकावर बसले होते. घरी परतताना त्यांनी वाटेत चहा पाजला. तोवर त्यांनी मला असं कधी बाहेर चहाला नेलं नव्हतं.

सोनेरी पट्टीबरोबर आणखी एक अधिकार मिळायचा. चुकीचा किंवा लोकांना विनाकारण घाबरवणारा प्रतिसाद आम्ही सात जण झाकू शकत होतो. प्रतिसादाच्या कोपऱ्यात एक लहानसं बटण दिसायचं. ते दाबलं की तो प्रतिसाद सगळ्यांना दिसेनासा व्हायचा. कोणी झाकला हे कुठं लिहून येत नसे.

ऑक्टोबरातला शनिवार होता. भातकापणी चालू झाली होती. सकाळी सव्वासातला मी घरी डोंगल लावून बसलो होतो. आंघोळ व्हायची होती. कोंडतळे नावाच्या गावातून रुपेश गुरव या माणसानं फोटो टाकला. त्याचा तो पहिलाच धागा. पत्नीला पहाटे अंथरुणात काहीतरी चावलं, दुखत नाही, सूज नाही, साप उशाखाली सापडला, मारला आहे. जीप बोलावली आहे, पण दवाखाना दोन तासांवर आहे. विषारी आहे का, कृपया लवकर सांगा.

फोटो मोबाइलचा होता. फ्लॅशचा उजेड सापाच्या पाठीवर चमकत होता. डोकं काठीनं चेचलेलं, शेपूट गोधडीखाली गेलेली. मधल्या भागावर पांढरे पट्टे दिसत होते. त्या महिन्यात मी तसले तीसएक फोटो पाहिले होते आणि चार-पाच सोडले तर सगळे कवड्या निघाले होते.

मी लिहिलं, "कवड्या. पूर्ण बिनविषारी. घाबरू नका, जखम साबणानं धुवा." घड्याळात सात सतरा झाले होते. माझ्याआधी कोणाचंच उत्तर नव्हतं. पाठोपाठ चौदा-पंधरा जणांनी "सरांशी सहमत" लिहिलं. रुपेशनं हात जोडल्याची खूण टाकली. मी आंघोळीला गेलो, मग आईनं केलेले पोहे खाल्ले आणि बाजारात गेलो.

सोमवारी कचेरीत गेल्यावर मी साइट उघडली. त्याच धाग्यावर रविवारी रुपेशनं एक ओळ लिहिली होती. "साप मण्यार होता. मानसी गेली."

त्याखाली कोणी काही लिहिलं नव्हतं. बारा हजार माणसांत एकानंही नाही.

निरंजनचा फोन दहाच्या सुमाराला आला. त्याचा आवाज बसला होता. तो म्हणाला, की साइटवर खाली लिहिलेलंच आहे, हा वैद्यकीय सल्ला नाही म्हणून. तरीही तो धागा सध्या काढून ठेवतो. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "तुझ्याकडून मुद्दाम झालं नाही, उदय. आपल्या कोणाच्याही हातून झालं असतं." मी त्यालाही हो म्हटलं.

दुपारी तावडे सिस्टरांचा फोन आला. त्यांनी धाग्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "त्यांच्याकडं जाऊन यायला हवं. मी येते तुझ्याबरोबर."

मी म्हटलं, "सिस्टर, मला नाही जमणार."

"मला तरी कुठं जमणार आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून दोघं जाऊ."

आम्ही बुधवारी गेलो. एसटीनं दीड तास, पुढं चढाची पायवाट. सिस्टर दर दहा पावलांवर थांबत होत्या. त्यांच्या पिशवीत अर्धा डझन केळी आणि पारले बिस्किटांचे पुडे होते. रस्त्यात त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की त्या माणसाला बोलू द्यायचं, आपण मध्ये बोलायचं नाही.

घर मातीचं आणि नीट सारवलेलं होतं. अंगणात कापलेलं भात तसंच पडून होतं. रुपेश तिशीचा, किडकिडीत. त्यानं ओटीवर चटई टाकली. आतून त्याची आई डोकावली, आम्ही कोण ते विचारून पुन्हा आत गेली. दीड-दोन वर्षांची एक मुलगी तिच्या कडेवर होती.

मी माझं नाव सांगितलं. रुपेशनं मान हलवली. तो रागावला नाही. उलट म्हणाला, "सर, एवढ्या लांब आलात."

मग त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. जीप दारात येऊन उभी राहिली होती. मानसी साडी बदलून तयार होती. माझं उत्तर त्यानं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसली, म्हणाली, उगाच सगळ्यांना धावपळ, आणि चूल पेटवायला गेली. मुलीला तिनं भरवलं. नऊ वाजता म्हणाली, डोळे जड झालेत, जरा पडते. सगळ्यांना वाटलं, पहाटेपासून जागी आहे. दहा वाजता तिला पापण्या उचलता येईनात. पाणी घशाखाली जाईना. जीप परत मिळेपर्यंत अकरा वाजले. दवाखान्याच्या फाटकाशी श्वास थांबला. डॉक्टरांनी बराच वेळ खटपट केली, असं तो दोनदा म्हणाला.

"पण एक विचारायचं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असेल."

मी मान वर केली.

"तुमच्या उत्तरानंतर तिथं आणखी एक उत्तर आलं होतं. मण्यार असू शकते, दुखत नसलं तरी थांबू नका, आत्ता न्या, असं. माझा नंबर पण मागितला होता. खाली नवखा लिहिलेलं. तरी मला राहवेना. मी जीपवाल्याला म्हटलं, पाच मिनिटं थांब, आणि आईला दाखवायला मोबाइल घेऊन आत गेलो. आत रेंज जाते. बाहेर येऊन परत उघडलं तर ते उत्तर नव्हतंच. वरचं होतं, खालची सगळी होती, तेवढंच नव्हतं." तो हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं, मोठ्या लोकांनी चुकीचं म्हणून काढलं. जीप पाठवून दिली. आता घरात सगळे म्हणतात, तसं काही नव्हतंच, तुझ्या मनाचे खेळ आहेत, आपल्यावरचं ढकलायला रचलंस. सासरे तर तोंडावर म्हणाले. चार दिवस मी पण तोच विचार करतोय, की मी खरंच वाचलं का."

सिस्टर म्हणाल्या, "ते मी लिहिलं होतं."

रुपेशनं त्यांच्याकडं वळून पाहिलं. "मग तुम्ही काढलंत का ते?"

"मी नाही काढलं," त्या म्हणाल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. पदर नीट केला आणि अंगणातल्या भाताकडं बघत बसल्या. आतून त्या मुलीचा काहीतरी मागण्याचा आवाज येत होता. मला कळत होतं, की त्या थांबल्या आहेत, आणि मी काही बोललो नाही तर त्याही बोलणार नाहीत. आम्ही चहा पिऊ, उठू, एसटी पकडू आणि हे कधीही कोणाला कळणार नाही.

त्या शनिवारी सकाळी मी आंघोळीला गेलो असं वर सांगितलं, ते खरं आहे. पण त्याआधी सात चोवीसला सिस्टरांचा प्रतिसाद आला होता. मी तो वाचला. पंधरा जणांनी सहमत म्हटलेल्या माझ्या उत्तराखाली तो आला, याचा मला राग आला. दोघा-तिघांनी लगेच लिहिलं, की नवख्यांनी लोकांना घाबरवू नये. त्यांना उलट उत्तर देऊन सिस्टर कोण आहेत ते मी सांगू शकलो असतो. फोटो पुन्हा एकदा मोठा करून पाहू शकलो असतो. मी तो पाहिला नाही. मनात म्हटलं, संध्याकाळी फोन करून त्यांना समजावून सांगू. आणि कोपऱ्यातलं ते बटण दाबलं.

"मी झाकलं ते," मी रुपेशला म्हणालो. "मला तसा अधिकार होता."

तो माझ्याकडं बघत राहिला. तो अंगावर येईल असं मला वाटलं. यावा, असंही वाटलं. तो उठला, पण माझ्याकडं आला नाही. दाराशी जाऊन त्यानं आत तोंड केलं.

"आई," तो म्हणाला, "होतं ते. मी खोटं बोलत नव्हतो."

तो चौकटीला धरून तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. सिस्टर उठून त्याच्याजवळ जाऊन बसल्या. मी चटईवरच होतो. डोळे पुसून तो मला म्हणाला, "सर, सासऱ्यांना पण एकदा सांगाल का? तुमच्या तोंडून."

सासऱ्यांचं घर त्याच वाडीत खाली होतं. मी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोलणं संपल्यावर दार लावून घेतलं.

मी निरंजनलाही सगळं कळवलं आणि माझं खातं बंद करून टाक म्हटलं. त्यानं झाकण्याची सोय काढून टाकली. पदव्याही काढल्या. पंधरा दिवसांत प्रतिसाद निम्म्यावर आले, महिन्याभरात फोटो अनुत्तरित पडून राहायला लागले. त्यात एक विषारी फुरशाचा होता. शेवटी त्यानं पदव्या परत लावल्या. मला फोन करून तो म्हणाला, की काय करू, पदव्या असल्या की माणसं चुकतात आणि नसल्या की कोणी येतच नाही. ती साइट अजून चालू आहे, असं ऐकतो.

सिस्टरांनी मात्र त्यानंतर तिथं एक अक्षर लिहिलं नाही. त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत. पुढं माझी नोकरी बदलली, लग्न झालं, आणि वर्षातून एक-दोनदा मी त्यांच्याकडं जात राहिलो. त्या धाग्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. मी धरून चाललो होतो, की माझ्यामुळेच त्यांचं मन उडालं.

सात-आठ वर्षांनी त्या आजारी पडल्या. पुतण्याच्या घरी होत्या. मी गेलो तेव्हा खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बोलता बोलता मी शेवटी विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही रुपेशला पुन्हा का लिहिलं नाहीत? प्रतिसाद गेलेला तुम्हाला दिसला असेल ना?"

"दिसला," त्या म्हणाल्या. "साडेसातलाच दिसला."

मग त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, विषय आवडला नाही. मी उठायच्या बेतात होतो.

"पुन्हा लिहायला बसलेच होते," त्या म्हणाल्या. "अर्ध्यापर्यंत लिहिलं. तुला फोन लावावा असंही आलं मनात. मग वर तुझं नाव पाहिलं, त्याखालचं ते सोनेरी पाहिलं, आणि खाली त्या सगळ्यांनी सहमत म्हटलेलं. एकतीस वर्षं मी ह्या बाबतीत कधी कोणाचं ऐकलं नव्हतं. डॉक्टरांचंसुद्धा. त्या दिवशी मला वाटलं, उदय आता पुष्कळ शिकलाय. आपलं वय झालं, आपल्यालाच कळेनासं झालं असेल."

त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला.

"आणि मी ते अर्धं लिहिलेलं पुसून टाकलं," सिस्टर म्हणाल्या.